हिशोब विचारला की हात का उठतो?

मृदगंधा_ठाणे

तीन आठवडे झाले, डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतेय. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

माझी मामेबहीण. लग्नाला अकरा वर्षं, दोन मुलं, नाशिकला स्वतःचा फ्लॅट. नवरा शांत स्वभावाचा, घरात हातभार लावणारा. अकरा वर्षांत त्याने तिच्यावर आवाज चढवल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. दिवाळीनंतर सोसायटीच्या फलकावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी लागली, त्यात यांचा फ्लॅट. रात्री जेवताना तिने सहज विचारलं, "अहो, मेंटेनन्स राहिलाय का आपला?" त्याने ताट भिरकावलं. तिने पुन्हा विचारलं तर कानाखाली वाजवली. पुढच्या दोन महिन्यांत आणखी चार वेळा. कधी शाळेची फी, कधी गॅसचं बुकिंग, आणि एकदा तर "पासबुक कुठे ठेवलंय?" एवढंच.

मग सगळं बाहेर आलं. नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी वेळेवर यायचा. मधल्या काळात तीन ॲपवरून कर्ज, तिच्या पाटल्या तारण, आणि ते सगळे पैसे ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या सट्ट्यासारख्या सौद्यांत घातलेले.

घरातली मोठी माणसं म्हणतात, "टेन्शनमध्ये होता बिचारा." मला हे गिळवत नाही. टेन्शन आठ महिने होतं, हात मात्र तिने विचारलं त्याच क्षणी उठला. वसुलीचे फोन शिव्या घालत होते, त्यांच्याशी हा "सर, सर" करून बोलायचा. मग हे टेन्शन आहे की दुसरंच काही?

दुपारचा_चहा

बाकी चर्चा नंतर. ती आणि मुलं आत्ता कुठे आहेत?

मृदगंधा_ठाणे

ती माहेरी, मुलं तिच्याबरोबर. धाकट्याची शाळा बुडतेय, पण बुडू दे म्हटलं. विचारल्याबद्दल खूप आभार.

आबा_पंचगंगा

ताई, तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं. पण टेन्शनचा मुद्दा असा झटकून टाकू नका. मी ऊसवाला माणूस. बिल लांबलं की घराघरांत काय होतं ते चाळीस वर्षं बघतोय. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर एक अभ्यास झाला होता, २०१३ साली छापून आला. ४६४ शेतकरी, ५४ गावं. तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर, त्याच माणसांना तीच कोडी सोडवायला दिली. तोडणीआधी ती माणसं मंद पडली होती. अक्कल तीच, पण पैशाची विवंचना डोक्यातली जागा खाते. ज्याच्या डोक्यात जागाच उरली नाही त्याचा तोल जातो.

आणि हे परक्याचं सांगत नाही. १९९८ साली दुकानदाराची उधारी थकली होती, मंडळींना मी त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. तो दारात आला, तिने मला आत येऊन विचारलं आणि मी तिच्यावर हात टाकला. एकदाच. पण त्या एकदाचा चेहरा अजून समोर येतो. मी राक्षस नव्हतो, पिचलेलो होतो.

शेवंती

आबा, तुम्ही हे लिहिलंत याचा आदर आहे. पण एक विचारू? पिचलेल्या तर काकूही असणार. उधारी त्यांच्या संसाराचीही होती. त्यांनी कोणाला मारलं?

निनाद_स

समुपदेशक म्हणून बारा वर्षं जोडप्यांबरोबर काम करतोय. शेवंतीताईंचा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ताण खरा असतो, हे आबांचं बरोबर. अमेरिकेत २००८ च्या मंदीच्या काळावर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की आजूबाजूची बेकारी झपाट्याने वाढू लागली की पुरुषांचं बायकोवर नियंत्रण ठेवणं वाढतं. कुठे जातेस, कोणाशी बोलतेस, पैसे कशाला हवेत. आणि ज्यांची स्वतःची नोकरी शाबूत होती त्यांच्या घरातही हे दिसलं. म्हणजे खिसा रिकामा होण्याआधी, नुसत्या "आता आपलं काय होणार" या भीतीनेच वागणं बदलतं.

पण ताणाने फार तर माणूस किती पटकन पेटतो ते कळतं. कोणावर पेटतो, ते नाही कळत. मृदगंधाताईंनी लिहिलंय ना, वसुलीवाल्याशी "सर, सर". ज्याचा ताबा सुटलाय तो समोरचा बघून ताबा सोडत नाही. तिथे एक हिशेब चाललेला असतो, त्याला स्वतःला जाणवत नसला तरी.

माझ्या कामात सगळ्यात जास्त दिसते ती शरम. "मी मिळवता आहे" हीच ज्याची सगळी ओळख, त्याच्या दृष्टीने नोकरी जाणं म्हणजे माणूस म्हणून नापास होणं. ते लपवायला पहिलं खोटं बोललं जातं, बहुतेक वेळा "दोन महिन्यांत दुसरी मिळेल, कशाला काळजीत टाकू" अशा भल्या हेतूने. मग ते खोटं रोज सांभाळावं लागतं. डबा, निघायची वेळ, ऑफिसातल्या गमती, पगाराच्या तारखेला कुठून तरी आणून टाकलेली रक्कम. त्या सगळ्या डोलाऱ्यात एकच व्यक्ती धोक्याची असते, जी साधा प्रश्न विचारू शकते. आठ महिने तो तिच्या प्रश्नाची धास्ती घेऊन जगलेला असतो. मेंटेनन्सचं विचारणं तिच्यासाठी चार शब्द होते, त्याच्या कानात ते "पकडलं गेलास" असं वाजलं.

हे समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. शरम वाटलेले हजारो लोक त्या क्षणी रडतात, कबूल करतात, घर सोडून दोन तास फिरून येतात.

टंकसाळ

ऑप्शन्सचं वाचून राहवलं नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते: तीन वर्षांत वायदेबाजारात उतरलेल्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी साधारण २ लाख. हा शेअरमधल्या गुंतवणुकीचा विषयच नाही, घरातल्या पैशावर याची वागणूक जुगाराची असते. मानसोपचारात जुगाराच्या व्यसनाची जी लक्षणं मोजतात त्यात "गेलेले परत मिळवायला पुन्हा खेळणं" आणि "किती गुंतलोय ते लपवायला खोटं बोलणं" ही दोन्ही आहेत. खोटं हा आजाराचाच भाग धरलाय, नंतर जोडलेला दुर्गुण नाही. फक्त मारहाण थांबवली आणि मोबाईलवरचं खातं तसंच राहिलं तर सहा महिन्यांत पुन्हा तिथेच.

एक_वाचक_४१

नेहमी फक्त वाचतो, आज लिहितोय. माझ्या घरी उलटं झालं. बायको भिशी चालवायची, सोसायटीतल्या बावीस बायकांची. एक-दोघी उचलून पळाल्या, तिने ते भरून काढायला दुसरी भिशी सुरू केली, मग तिसरी. मला कळलं ते लोक दारात आले तेव्हा. मी विचारलं तर तिने अंगावर धावून मोबाईल तोंडावर मारला, दात हलला. नंतरही तेच: प्रश्न आला की वस्तू फेकणं, "मी जीव देईन" म्हणणं. मी ऑफिसात दरवाजा लागला म्हणून सांगितलं.

निनाददादांचं वर्णन वाचताना वाटलं, हे तर अगदी तिचंच. दहशत प्रश्नाची.

आता आम्ही एकत्र आहोत, कर्ज फिटत आलंय. पण मला कुठे जायचं ते तेव्हा कोणीच सांगू शकलं नाही.

निनाद_स

लिहिलंत हे फार चांगलं केलंत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बायकांच्या संरक्षणासाठी आहे, त्यामुळे तुम्हाला त्याखाली अर्ज करता आला नसता. पण मारहाणीची साधी फौजदारी तक्रार कोणालाही करता येते, आणि समुपदेशनाला लिंग नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, चोवीस तास.

पश्चिमवारा

मी जिनिव्हात राहतो. डबा घेऊन निघण्याचं वाचून अंगावर काटा आला, कारण इथून सीमेपलीकडे काही मिनिटांवर प्रेवेसाँ-मोएन्स नावाचं फ्रेंच गाव आहे आणि तिथली गोष्ट इथल्या जुन्या लोकांना अजून आठवते.

झाँ-क्लोद रोमाँ. वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाची एक परीक्षा दिली नाही आणि पास झालो म्हणून सांगितलं. तिथून खोटं सुरू झालं ते १८ वर्षं चाललं. घरच्यांच्या लेखी तो जागतिक आरोग्य संघटनेत संशोधक डॉक्टर. प्रत्यक्षात डॉक्टरही नव्हता आणि नोकरीही नव्हती. रोज गाडी घेऊन निघायचा, दिवस गाडीत, हॉटेलात, रानात काढायचा. आईवडील, सासर, ओळखीचे, सगळ्यांकडून "स्विस बँकेत गुंतवतो" म्हणून पैसे घेतले आणि त्यावर संसार चालवला. एका बाईने तिचे पैसे परत मागितले, शिल्लक संपत आली, आणि जानेवारी १९९३ मध्ये त्याने बायको, सात वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि मग स्वतःचे आईवडील मारले. घराला आग लावली, स्वतः वाचला. १९९६ मध्ये जन्मठेप झाली, २०१९ मध्ये सुटला.

मला यातली एक गोष्ट छळते. त्या बायकोने त्याचं काय वाकडं केलं होतं? बहुधा काहीच नाही. तिला फक्त कळणार होतं.

हर्षदा_व

इतकं टोकाचं उदाहरण इथे का? मृदगंधाच्या बहिणीने वाचलं तर तिला काय वाटेल?

पश्चिमवारा

घाबरवायचा हेतू नव्हता, तसं झालं असेल तर मनापासून क्षमा. पण सगळे त्याला "शांत, सभ्य माणूस" म्हणत होते. शांत स्वभाव म्हणजे सुरक्षितता, असं आपण धरून चालतो, म्हणून लिहिलं.

निनाद_स

दोघांचंही पटतं. असं टोक फार थोड्या घरांत गाठलं जातं. तरी अभ्यासकांनी अशा खटल्यांचं जे वर्गीकरण केलंय ते उपयोगी आहे. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकांनी कुटुंबाला संपवणाऱ्या पुरुषांचे चार प्रकार मांडले. त्यातला एक असा की त्याच्या मनात कुटुंब म्हणजे त्याच्या यशाची निशाणी. पैसा गेला की त्याला कुटुंबाचा अर्थच उरत नाही. बायको-मुलं स्वतंत्र माणसं आहेत, ती गरिबीतही जगतील, आपल्याला शिव्या घालून का होईना पण जगतील, हे त्याला दिसतच नाही.

म्हणून मृदगंधाताई, बहिणीला हे विचारा: तो कधी "आपण सगळेच संपलो तर बरं", "माझ्यामागे तुमचं कोण आहे" असं बोललाय का? गळा दाबलाय का? ती निघून गेल्यापासून धमक्या वाढल्यात का? यातलं काहीही असेल तर समेटाची बैठक नको, एकटीने भेटणं तर अजिबात नको. बाई घर सोडते तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. तातडीला ११२, बाकी मदतीला महिला हेल्पलाइन १८१.

स्वयंपाकघर

अवांतर होईल, पण विचारतेच. लपवणं वाईट म्हणताय सगळे, मग डाळीच्या डब्यातल्या पैशांचं काय? ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री नोटा रद्द झाल्या तेव्हा माझ्या आईने तांदळाच्या कोठीतून पाचशेच्या ३६ नोटा काढून ओट्यावर ठेवल्या. वडिलांना पंचवीस वर्षांत पत्ता नव्हता. ते दोन दिवस बोलले नाहीत, "माझ्यावर विश्वास नव्हता" म्हणाले. आई म्हणाली, "तुमच्यावर होता, दिवसांवर नव्हता." मीही ठेवते. मीही खोटारडी का?

शेवंती

नाही गं. तुझ्या आईने १८ हजार साठवले ते घरावर दिवस आला तर काढायला, आणि ते ओट्यावर ठेवताना तिने कोणाला मारलं नाही. माझ्या मते फरक तिथेच आहे.

मी_अनसूया

दोन दिवस धागा वाचतेय आणि लिहू की नको करतेय. मी अशाच एका घरात नऊ वर्षं राहिलेय म्हणून लिहिते.

विदर्भातलं तालुक्याचं गाव. नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी म्हणाला, बचत गटातून तीस हजार उचल, दुकानात माल भरतो. उचलले. मग दुसऱ्या गटातून, मग ती मायक्रोफायनान्सवाली आठवड्याची वसुली. सगळं माझ्या नावावर, आधार कार्ड माझं, अंगठा माझा. माल कधी दिसला नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा पट्ट्याने मारलं. रात्री पायाशी बसून रडला. दुसऱ्या दिवशी साडी आणली, तीही उधार, हे मला नंतर कळलं.

१९७९ मध्ये लेनोर वॉकर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे चक्र लिहून ठेवलंय म्हणे: तणाव साठतो, स्फोट होतो, मग लाड आणि माफी. संस्थेतल्या ताईंनी मला ते कागदावर गोल काढून दाखवलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, ताई, यात एक राहिलं. माफीनंतर मी विचारणं बंद करायची.

ते सांगायला आलेय. मी पट्टा खाल्ल्यावर दोन वर्षं एकही प्रश्न विचारला नाही. दोन वर्षं त्याने हातही लावला नाही. माझी आई म्हणायची, "बघ, सुधारला." त्या दोन वर्षांत माझ्या नावावरचं कर्ज तीस हजारांचं एक लाख ऐंशी झालं. घरात शांतता होती, कारण तिची किंमत मी मोजत होते. तो पट्टा रागाने उचलला असेल नसेल, मला माहीत नाही. पण त्याचं काम झालं होतं. एकदा मारून त्याला दोन वर्षांची मुभा मिळाली.

दारू तो पीत नव्हता, हेही लिहिते, कारण सगळे आधी तेच विचारतात. आणि गरीब आम्ही आधीही होतो. गरिबीत त्याने मला मारलं नव्हतं.

गटातल्या बायकांनी माझा हप्ता तीन वेळा वाटून भरला. त्यांना ठाऊक होतं. एकीने विचारलं असतं तर मी लवकर निघाले असते असं वाटतं, पण त्यांना दोष देत नाही.

दुपारचा_चहा

अनसूयाताई, तुम्ही आता कशा आहात?

मी_अनसूया

बरी आहे. शिलाई करते. शेवटचा हप्ता गेल्या आषाढात फिटला.

ॲडव्होकेट_मंजिरी

अनसूयाताईंचं वाचून हात जोडले. आता कायद्याचं, मृदगंधाच्या बहिणीसाठी.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा (लागू झाला २६ ऑक्टोबर २००६) आर्थिक छळ हाही हिंसाचारच मानतो. खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं, घरातल्या वस्तू परस्पर काढणं, सगळं त्यात बसतं. म्हणजे पाटल्यांचा मुद्दा थपडेइतकाच महत्त्वाचा, तो अर्जात दुय्यम म्हणून लिहू नका. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. सध्या माहेरी आहे तर तिथूनही करता येतो. घरातून बाहेर न काढण्याचा, फ्लॅट परस्पर न विकण्याचा आदेश मागता येतो.

कर्ज: नवऱ्याने एकट्याने घेतलेलं कर्ज बायकोवर येत नाही. ती सहकर्जदार किंवा जामीन असेल तरच येतं, आणि जामीन असेल तर पूर्ण येतं, "नुसती सही केली होती" चालत नाही. म्हणून आधी तिचा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तिच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. हा रिपोर्ट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला वर्षातून एकदा तो फुकट द्यावाच लागतो. वसुली एजंटने सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तारीख-वेळ लिहून ठेवा.

शहरात असाल तर पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांच्या विशेष कक्षात जा. मुंबईत हे १९८४ पासून आहेत. दवाखान्यात गेलात तर मार लागलाय हे केस पेपरवर लिहून घ्या. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० पासून 'दिलासा' केंद्र त्याचसाठी आहे.

आबा_पंचगंगा

चार दिवस शेवंतीताईंच्या प्रश्नावर विचार करतोय. मंडळींनी कोणाला मारलं? कोणालाच नाही.

आणखी एक आठवलं. त्या दुकानदाराने मला माझ्याच अंगणात, चार माणसांत, नको ते ऐकवलं होतं. मी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि घरात येऊन हात टाकला. तोल गेला होता म्हणालो खरं, पण अंगणात कसा शाबूत होता? आणि अनसूयाताई म्हणतात तसंच झालं: त्यानंतर मंडळींनी उधारीचं कधी विचारलं नाही. मी समजत होतो तिने समजून घेतलं.

काल रात्री तिला विचारलं. ती म्हणाली, "विचारलं नाही, पण दुकानदाराच्या बायकोकडून कळत होतं सगळं." सत्तावीस वर्षांनी मला हे कळतंय. कपाटातली हिशोबाची वही काढून दिली तिच्याकडे. तिने घेतली, काही बोलली नाही.

शेवंती

आबा, 🙏

मृदगंधा_ठाणे

सगळ्यांचे प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवले, पश्चिमवारा यांचाही. तो तिनेच पुन्हा वाचायला मागितला. निनाददादांचे प्रश्न विचारले. "आपण सगळेच संपलो तर बरं" असं तो एकदा म्हणाला होता, डिसेंबरात. तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, आम्हालाही. त्यामुळे रविवारी मामाने ठरवलेली बैठक रद्द केली. मामा रागावलाय. नवऱ्याच्या भावाला फोन करून हे सांगितलं आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला लावलं. भाऊ घेऊन गेला.

भावाच्या हातून त्याने कर्जांची यादी पाठवली. चार कर्जं, रकमांसकट, चांगल्या अक्षरात, खाली "आता काही लपवलेलं नाही". मग मंजिरीताईंनी सांगितला तसा तिचा रिपोर्ट काढला. त्यात पाचवं निघालं, तिच्या नावावर, तिच्याच मोबाईलवरच्या ओटीपीने घेतलेलं. ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली, मग म्हणाली, "थप्पड विसरले असते मी." सोमवारी आम्ही संरक्षण अधिकाऱ्याकडे जातोय.

मंजिरीताई, एकच विचारायचंय. पाटल्यांची तारण पावती त्याच्या नावावर आहे आणि व्याज थकलंय. लिलाव होईल का?

ॲडव्होकेट_मंजिरी

लिलावाआधी नोटीस द्यावी लागते, पण ती कर्जदाराला, म्हणजे त्याला जाईल आणि तो ती लपवू शकतो. म्हणून सोमवारची वाट बघू नका. उद्याच तारण ठेवून घेणाऱ्या शाखेला लेखी पत्र द्या: हे माझं स्त्रीधन आहे, संमतीशिवाय ठेवलंय, कायदेशीर कारवाई करतेय. पोच घ्या. लग्नाचे पाटल्या दिसणारे फोटो आणि सराफाची पावती शोधा. पावती मिळाली नाही तर सराफाकडे जुन्या वह्या असतात, विचारा. दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश त्याच अर्जावर देऊ शकतात. पाचव्या कर्जाबद्दल कर्ज देणाऱ्याकडे आणि सायबर पोलिसांकडे वेगळी तक्रार, त्याच दिवशी.

मृदगंधा_ठाणे

फोटो सापडला. सप्तपदीचा. दोन्ही हात स्वच्छ दिसतायत.